कारखान्यातला प्रकल्प अहवाल: बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूरच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीबीए, बीकॉम आणि एमबीएच्या शेवटच्या सत्रात प्रकल्प आला की ठरावीक प्रश्न पुन्हापुन्हा येतात. राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ या दोन्हींकडचे विद्यार्थी विचारतात, आणि चंदगड-कागलकडून शिवाजी विद्यापीठाचेही विचारतात. पानांची संख्या, बांधणी, सादरीकरणाची तारीख हे ज्याच्या त्याच्या विद्यापीठाच्या पुस्तिकेत पाहावे. इथे फक्त कामाचे प्रश्न घेतले आहेत.

१. ‘कर्मचारी समाधान: एक अभ्यास’ हा विषय चालेल का?

चालतो, पण त्यातून हाती काही लागत नाही. समाधान ही फार मोठी गोष्ट आहे, आणि चाळीस प्रश्न विचारूनही शेवटी ‘बहुतांश कर्मचारी समाधानी आहेत’ एवढेच वाक्य उरते. विषयात तीन गोष्टी ठरवून घ्या: एक जागा, एक पद्धत आणि मोजता येईल असा एक आकडा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या (ओतकाम कारखान्याच्या) फेटलिंग, म्हणजे ओतलेला माल साफ करण्याच्या विभागातली गैरहजेरी. वडगाव-शहापूरच्या पॉवरलूमवर नगावर मिळणारी मजुरी आणि कामाचे तास. पतसंस्थेसाठी दारोदार बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटाची रोजची फेरी आणि त्याचे कमिशन. चिकोडी भागातल्या साखर कारखान्यात हंगामी कामगार पुढच्या हंगामाला किती परत येतात. यातला कोणताही विषय घेतला तरी दोन महिन्यांत काम पुरे होते आणि मार्गदर्शकाला विचारायला काहीतरी उरते.

२. कंपनीची परवानगी कशी मिळवायची? तीन ठिकाणी ‘नंतर या’ म्हणाले.

‘नंतर या’चा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की तुम्ही चुकीच्या तारखेला गेलात. लहान कारखान्यात हिशेब, पगार आणि हजेरी एकच माणूस बघतो. ७ तारखेपर्यंत तो पगारात असतो, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरण), १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी आणि विमा), २० ला जीएसटीआर-३बी (महिन्याचे जीएसटी विवरण आणि कर). तुम्ही ५ किंवा १४ तारखेला गेलात तर तो वर मान करून बघणारही नाही. २१ ते २८ या आठवड्यात जा, तेही सकाळची पाळी मार्गी लागल्यावर, अकराच्या सुमाराला.

कॉलेजचे पत्र एका पानाचे असावे. त्यात विषय, किती दिवस येणार, कोणत्या विभागात उभे राहणार, कोणती कागदपत्रे पाहणार आणि अहवालात कंपनीचे नाव घालणार की नाही, हे स्पष्ट लिहा. ‘आवश्यक ती सर्व माहिती द्यावी’ असे वाक्य मुळीच नको. मालक घाबरतो त्या ‘सर्व’ला. ‘मागील बारा महिन्यांचा हजेरीपट, नावे झाकून’ असे मागितले तर बहुतेक वेळा मिळते.

३. तरीही नकारच आला तर?

एक मोठी कंपनी सोडा आणि दहा-बारा लहान युनिटे घ्या. उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती इथे दहा ते तीस माणसांची असंख्य युनिटे आहेत आणि तिथे मालक स्वतः भेटतो. विषयही बदलतो: एका कंपनीतली पद्धत सोडून एकाच पद्धतीची बारा रूपे तुमच्यासमोर येतात, आणि अभ्यास म्हणून ते जास्त मोलाचे असते. सूक्ष्म, लघू आणि मध्यम अशी उद्योगांची वर्गवारी लावताना १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादा वापरा. सूक्ष्मसाठी गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, लघूसाठी २५ आणि १०० कोटी, मध्यमसाठी १२५ आणि ५०० कोटी. जुन्या अहवालांतून सूक्ष्मसाठी १ कोटी-५ कोटी हा आकडा उतरवून घेतलेला अजून दिसतो. तो चुकीचा आहे.

नोंदणीकृत कंपनीचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून पाहता येतात. सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल सभासदांना छापून दिला जातो. घरात किंवा गल्लीत कुणीतरी सभासद असतोच.

४. नमुना किती घ्यायचा? सगळे १०० म्हणतात.

१०० हा सवयीचा आकडा आहे. त्यामागे काही हिशेब नसतो. एकूण कामगारांची संख्या माहीत असेल तर यामाने यांचे सूत्र वापरा: एकूण संख्या भागिले (१ अधिक एकूण संख्या गुणिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग). ५ टक्के चूक धरली तर ४०० कामगारांसाठी ४०० ÷ (१ + ४०० × ०.००२५) = २००. १२० कामगारांसाठी ९२.३, म्हणजे ९३. कारखाना लहान असेल तर जवळजवळ सगळ्यांनाच विचारावे लागते, मग सरळ सगळ्यांनाच विचारा आणि ‘नमुना’ हा शब्दच काढून टाका.

हे सूत्र यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडीसाठी आहे. गेटवर जो भेटेल त्याला कागद दिला असेल तर ती सोयीची निवड झाली. तसे लिहायला लाजू नका. सोयीच्या निवडीला यादृच्छिक म्हणणे ही तोंडी परीक्षेत सगळ्यात लवकर पकडली जाणारी चूक आहे.

५. प्रश्नावली मराठीत, कन्नडमध्ये की इंग्रजीत?

अहवाल इंग्रजीत असला तरी प्रश्न कामगाराच्या भाषेत हवेत. सीमाभागातल्या एका शेडमध्ये मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारे शेजारी-शेजारी उभे असतात. तिन्ही भाषांत कागद करा, आणि भाषांतर झाल्यावर ते दुसऱ्या माणसाकडून मूळ भाषेत उलट करून घ्या. जिथे अर्थ घसरला असेल ते लगेच दिसते.

एक सापळा नेहमीचा आहे. इंग्रजी प्रश्नातली नोकरीच्या शाश्वतीची गोष्ट मराठीत ‘नोकरीतील सुरक्षा’ अशी उतरते. फर्नेसजवळ काम करणारा माणूस ‘सुरक्षा’ म्हटल्यावर हातमोजे, बूट आणि चष्मा डोळ्यांपुढे आणतो आणि ‘हो, मिळतं की सगळं’ म्हणून ‘पूर्ण सहमत’वर खूण करतो. तुमच्या तक्त्यात मात्र नोकरी पक्की असल्याचे ९० टक्के दिसते, आणि तो माणूस कंत्राटावर असतो. त्याला असे विचारा: ‘पुढच्या दिवाळीपर्यंत इथं काम राहील असं वाटतं का?’

‘व्यवस्थापन’ हाही असाच शब्द. कामगाराच्या मनात शेठ वेगळा, सुपरवायझर वेगळा आणि माणसे आणणारा कंत्राटदार वेगळा. तिघांबद्दल वेगवेगळे विचारा. कन्नड कागदातही पुस्तकी शब्दांऐवजी इथली बोली वापरा. या भागातल्या कन्नडमध्ये ‘पगार’ हाच शब्द चालतो, ‘संबळ’ किंवा ‘वेतन’ लिहिले की कागद सरकारी वाटतो आणि माणूस जपून उत्तर देतो.

६. सगळ्यांनी सगळ्या प्रश्नांना ‘सहमत’ लिहिलं आहे. आता काय?

आधी बघा, कागद भरून घेताना सुपरवायझर तिथे होता का? असेल तर ती माहिती बाजूला ठेवा, तिच्यावर निष्कर्ष उभा राहत नाही. दुसरे कारण प्रश्नांची रचना. सगळी विधाने एकाच दिशेची असतील तर माणूस पहिली तीन वाचतो आणि खाली रेघ ओढतो. दर पाच-सहा विधानांत एक उलट्या अर्थाचे ठेवा, पण दुहेरी नकार टाळा. ‘मला ओव्हरटाइम नको असतो तेव्हा नाही म्हणता येत नाही’ हे वाचून शिकलेला माणूसही अडखळतो. ‘ओव्हरटाइमला नाही म्हटलं तर राग धरतात’ असे लिहा.

पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीत कमी शिकलेले कामगार मधल्या खान्यात जाऊन बसतात. त्यांच्यासाठी तीनच पायऱ्या पुरतात. किंवा मत विचारण्याऐवजी घडलेले विचारा: ‘गेल्या महिन्यात किती दिवस जादा थांबलात?’ आकडा देताना माणूस मतापेक्षा कमी घाबरतो.

७. माहिती कोणत्या दिवसांत गोळा करावी?

पगाराच्या आदल्या आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत पगाराबद्दल विचारू नका. उत्तर त्या दिवसाचे येते, नोकरीचे येत नाही. पाळी बदलताना आत येणाऱ्याला थांबवू नका, बाहेर पडणाऱ्यालाही बस गाठायची असते. जेवणाच्या सुट्टीची शेवटची दहा मिनिटे आणि चहाची वेळ या दोनच जागा खऱ्या आहेत. म्हणून प्रश्नावली सात मिनिटांत संपली पाहिजे, म्हणजे वीस-बावीस प्रश्न. रात्रपाळीला न जाता ‘तिन्ही पाळ्यांचा अभ्यास’ लिहू नका. गणपतीच्या आणि महानवमीच्या आठवड्यातली गैरहजेरी वेगळी असते, तुलना करताना ते दिवस वेगळे काढा.

८. साखर कारखान्यात प्रकल्प मे-जूनमध्ये लागला आहे. अडचण येईल का?

येईल. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलमध्ये आटोपते. मे-जूनमध्ये तुम्हाला दिसतात ते कायम कामगार आणि दुरुस्तीची माणसे: रोलर उतरवलेले, बॉयलर उघडलेला. हंगामी कामगार घरी असतात आणि त्यांना पात्रतेनुसार बिगरहंगामातला राखीव भत्ता मिळतो. अशा वेळी कामाचा ताण, पाळ्या किंवा अपघात हे विषय घेऊ नका. दुरुस्तीचे वेळापत्रक, सुटे भाग आणि भांडार, या भत्त्याचा हिशेब, हे विषय त्याच काळात चांगले होतात. हंगामी माणसे हवीच असतील तर त्यांच्या गावी जावे लागेल. ते करता येते, आणि गेटपेक्षा माणूस ओट्यावर जास्त मोकळा बोलतो.

९. गैरहजेरी आणि गळतीचे प्रमाण कसे काढायचे?

गैरहजेरी म्हणजे बुडालेले मनुष्यदिवस भागिले ठरलेले मनुष्यदिवस, गुणिले १००. ६० कामगार, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,५६० मनुष्यदिवस. ११७ बुडाले तर ७.५ टक्के. मंजूर रजा यात धरली की नाही हे तक्त्याखालीच लिहा. जमल्यास दोन्ही आकडे द्या, कारण दोन कारखान्यांची तुलना इथेच फसते.

गळतीसाठी वर्षभरात सोडून गेलेल्यांना सरासरी संख्येने भागा. सुरुवातीला १८०, शेवटी २००, सरासरी १९०. ५७ गेले तर ३० टक्के. कंत्राटी माणसे वेगळी मोजा. कंत्राटदार बदलला की हजेरीपटावर चाळीस माणसे ‘गेली’ आणि चाळीस ‘आली’ असे दिसते, प्रत्यक्षात तीच माणसे त्याच यंत्रावर असतात.

१०. फाउंड्रीतल्या रिजेक्शनचा आकडा मालक वेगळा सांगतो आणि क्वालिटीवाला वेगळा. खरा कोणता?

दोन्ही खरे असू शकतात. एक नग मोजतो, दुसरा वजन. समजा महिन्यात १,२०० कास्टिंग ओतली: २ किलोची १,००० आणि ३० किलोची २००. एकूण वजन ८,००० किलो. रिजेक्ट झाली ५४, त्यात लहान ३० आणि मोठी २४. नगावर हे ४.५ टक्के. वजनावर ६० + ७२० = ७८० किलो, म्हणजे ९.७५ टक्के. दुपटीहून जास्त फरक, आणि वितळवायला लागलेली वीज वजनावर जाते. खर्चाचा विषय असेल तर वजन घ्या, मोल्डरच्या (साचा करणाऱ्याच्या) कामाचा विषय असेल तर नग.

दुसरी गफलत महिन्याची. ब्लो होल (वायूमुळे कास्टिंगमध्ये पडलेले छिद्र) पुष्कळदा मशिनिंगनंतरच दिसते, तेही गिऱ्हाइकाकडे. जूनमध्ये ओतलेला माल ऑगस्टमध्ये परत येतो आणि ऑगस्टच्या खात्यात पडतो. हीट नंबरवरून (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या क्रमांकावरून) तो मूळ महिन्यात नेऊन बसवा. हे न करता ‘पावसाळ्यात रिजेक्शन वाढते’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे. वाळूतल्या ओलाव्याचा संबंध असेलही, पण तो ओतल्याच्या तारखेशी जोडूनच दिसेल. कारणांची नोंदही दोषानुसार करा: ब्लो होल, वाळू अडकणे, कोल्ड शट (धातू एकजीव न होता राहिलेली फट), कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवलेला गाभा) सरकणे. ‘कामगाराचे दुर्लक्ष’ असा रकाना वहीत असेल तर तो तसाच उचलू नका. त्या रकान्यात काय-काय ढकलले जाते ते आठवडाभर उभे राहून बघा.

११. काय-वर्ग चाचणी लावू की टी-चाचणी?

दोन्ही गोष्टी गटांच्या असतील (भाषा आणि पाळी, कायम-कंत्राटी आणि हो-नाही) तर काय-वर्ग (काय-स्क्वेअर). एक गट आणि एक आकडा असेल तर दोन गटांसाठी टी, तीन किंवा जास्त गटांसाठी एनोव्हा (गटांच्या सरासरींची तुलना). मुख्य चूक चाचणी निवडण्यात होत नाही, ती खान्यांत होते. ४० माणसे, वयाचे पाच गट, समाधानाच्या चार पायऱ्या म्हणजे वीस खाने, खान्यात सरासरी दोन माणसे. अपेक्षित संख्या ५ च्या खाली असेल तर काय-वर्गाचा निकाल धरता येत नाही. गट एकत्र करा. वयाचे दोनच गट, उत्तराचे दोनच गट, मग प्रत्येकी सरासरी दहा पडतात. तरीही कमी पडले तर लहान संख्येसाठीची फिशरची चाचणी.

१२. क्रोनबाखचा अल्फा ०.४ आला. प्रश्नावली टाकून द्यायची?

अल्फा म्हणजे एका मोजपट्टीतली विधाने एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा. आधी उलट्या विधानांचे गुण फिरवले का ते बघा (प्रश्न ६). पाचचा एक आणि एकचा पाच करायचा राहिला की अल्फा कोसळतो. बहुतेक वेळा तेवढेच असते. तरीही ०.७ च्या बराच खाली असेल तर दोन वेगळ्या गोष्टी एका मोजपट्टीत कोंबल्या आहेत, उदाहरणार्थ पगार आणि सुपरवायझरची वागणूक. वेगळ्या करा. हे सगळे वीस-पंचवीस कागदांच्या चाचणी फेरीत कळायला हवे, शेवटी नव्हे.

१३. कामगार कायद्याच्या प्रकरणात कारखाना अधिनियम १९४८ लिहू की नव्या संहिता?

चार कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. तुमची माहिती त्याआधीच्या काळातली असेल तर त्या काळी लागू असलेला कायदा लिहा, नंतरची असेल तर संहिता. दोन्ही काळांत पसरली असेल तर तारखेवर रेघ मारा. फरक नुसत्या नावाचा नाही. जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला १० कामगार पुरत, आता २० लागतात. कॅन्टीनची अट २५० कामगारांपेक्षा जास्त होती, आता १०० पासून. कल्याण अधिकारी ५०० वरून २५० वर आला. स्थायी आदेश (नोकरीच्या लेखी अटी) केंद्रीय कायद्यात १०० कामगारांना होते, आता ३०० ला. पगाराच्या रचनेवर लिहिणार असाल तर वेतनाची नवी व्याख्या वाचाच: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर जास्तीची रक्कम वेतनात धरली जाते.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा या संहितांच्या बाहेर आहे. १० किंवा जास्त माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. ‘बायका नाहीत म्हणून समिती नाही’ हे उत्तर ऐकाल. ते जसेच्या तसे नोंदवा.

१४. निपाणी आणि कागल यांची तुलना करायची आहे. काय सांभाळावं?

विषय उत्तम आहे, कारण तासाभराच्या आत दोन्ही ठिकाणी जाता येते आणि माणसे, भाषा, नातेसंबंध एकच आहेत. बदलते ते राज्य: निपाणी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात. किमान वेतन दोन्हीकडे वेगळे, आणि महागाई भत्त्याची फेरआखणी कर्नाटकात एप्रिलपासून वर्षातून एकदा, महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैत. त्यामुळे मार्चमधला आणि ऑगस्टमधला फरक वेगवेगळा दिसतो. तुलनेची तारीख एकच ठेवा.

हातात पडणारा पगार तुलनेला घेऊ नका. कर्नाटकात महिना २५,००० रुपयांखाली व्यवसाय कर नाही. महाराष्ट्रात १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषाचे महिन्याला २०० कापले जातात, बाईला मात्र २५,००० पर्यंत माफी. म्हणजे १८,००० पगाराचे दोन भाऊ, एक कागलच्या एमआयडीसीत, एक निपाणीत. पहिल्याच्या पावतीवर हा कर दिसेल, दुसऱ्याच्या दिसणार नाही. राहायला दोघे एकाच घरात असले तरी, कारण कर कामाच्या जागेवरून ठरतो. ईएसआयची २१,००० ची मर्यादा आणि ०.७५ टक्के कपात दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणून कपातीआधीचा एकूण पगार घ्या.

१५. बिडी वळणाऱ्या बाया किंवा अथणीचे चप्पल कारागीर ‘कर्मचारी’ म्हणून धरता येतात का?

‘कर्मचारी’ धरून कारखान्याची प्रश्नावली त्यांच्या हातात दिली तर निम्मे प्रश्न रिकामे राहतात. घरी हजेरी नाही, पाळी नाही, सुपरवायझर नाही. मोजायचे ते वेगळे: हजार बिड्यांची मजुरी, त्यासाठी मिळालेली पाने आणि तंबाखू, पाने खराब निघाली तर कमी पडलेला माल कुणाच्या खात्यात जातो, आणि मापात नाकारलेल्या बिड्यांचे काय होते. मजुरीचा दर सगळे सांगतात. खरी कमाई या शेवटच्या दोन प्रश्नांत लपलेली असते. पीएफचे खाते किंवा ओळखपत्र कुणाच्या नावावर आहे तेही विचारा. एकीच्या नावावर घरातल्या तिघी वळत असतात.

चपलेच्या कामात कापणी, तळ, वेण्या आणि शिलाई ही कामे घरातच वाटली जातात आणि पैसे जोडावर एकदम येतात. अभ्यासाचा एकक माणूस न धरता घर धरा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, त्यामुळे विपणनाचा अभ्यासही इथे नीट बसतो.

१६. निष्कर्ष कंपनीच्या विरोधात आले. कसे लिहू?

आलेत तसे लिहा, आकड्यांसकट, विशेषणांशिवाय. कंपनीचे नाव ‘युनिट अ’ करा, आणि माणूस ओळखू येईल असे तपशील काढा. ‘कोअर शॉपमधील एकमेव महिला कामगाराने सांगितले’ यात नाव नसूनही नाव आहे. पाचपेक्षा कमी माणसांचा गट तक्त्यात वेगळा दाखवू नका. मसुदा कंपनीला दाखवायचे कबूल केले असेल तर दाखवा. त्यांनी आकड्यातली चूक दाखवली तर दुरुस्त करा, मत बदलायला सांगितले तर मार्गदर्शकाला विचारा.

१७. पाहणी करताना अठरा वर्षांखालचा मुलगा कामावर दिसला. प्रकल्पात लिहू का?

हा आधी मुलाचा प्रश्न आहे, प्रकल्पाचा नंतर. १४ वर्षांखालच्या मुलाला नोकरीवर ठेवता येत नाही, आणि १४ ते १८ वयाच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. त्याचा फोटो काढू नका, त्याला प्रश्नावली देऊ नका, मालकाशी तिथेच वाद घालू नका. बाहेर आल्यावर मार्गदर्शकाला सांगा आणि १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर फोन करा. कंपनीला दिलेले गोपनीयतेचे वचन इथे लागू होत नाही, आणि म्हणूनच परवानगीच्या पत्रात ‘कायद्याने कळवणे आवश्यक असलेल्या बाबी वगळून’ हे शब्द आधीच घालावेत.

१८. साम्य तपासणीत (मजकूर दुसरीकडून उतरवला आहे का ते बघणारी तपासणी) ३८ टक्के आले. मी तर स्वतः लिहिलं आहे.

कंपनीचा परिचय आणि व्याख्यांचे प्रकरण, दोन्ही जागा आधी बघा. संकेतस्थळावरून उचललेली पाने तिथेच सापडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत पदव्युत्तर प्रबंधाला १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० टक्के असल्यास सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावे लागते, ४० ते ६० ला वर्षभर बंदी आणि त्यापुढे नोंदणी रद्द. परिचय दोन पानांत आणा. तेवढ्याने बहुतेक आकडा उतरतो.

१९. तोंडी परीक्षेला काय न्यायचं?

भरलेले सगळे कागद, दोरीने बांधून, क्रमांक घालून. परीक्षक तक्त्यातला एखादा आकडा धरून ‘हा दाखवा’ म्हणतो. कागद क्रमांक ४७ काढून दाखवता आला की पुढचे प्रश्न सोपे येतात. संगणकातल्या ओळीचा क्रमांक आणि कागदाचा क्रमांक एकच ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, नंतर जुळवायला दोन रात्री जातात.